पारावरची माणसे कोण मोजणार?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, ज्वारीच्या खरेदीवर झाले, विजेच्या बिलावर झाले. आधीच्या वक्त्यांनी माझ्यासाठी काही शिल्लक ठेवले नाही. म्हणून मी आज पुण्यावर बोलणार आहे. मागे कुणी तरी हसले. हसण्यासारखेच आहे. आपल्या कोरडवाहू मुलखाला पुण्याचे काय? पुणे म्हणजे पोरगा शिकायला पाठवायचा आणि तो परत येत नाही, ते गाव. मी गेलो आणि परत आलो. येताना दोन गोष्टी आणल्या. कृषी पदवीचा कागद कॉलेजाने दिला. दुसरी गोष्ट मार्केटयार्डातल्या हमालांनी दिली. कागद लगेच कामाला आला. हमालांनी दिलेली गोष्ट मी पंधरा वर्षे गाठोड्यात बांधून ठेवली. ते गाठोडे आज तुमच्यापुढे सोडतो.

पोते एकट्याने उचलत नाही

आमच्या गावचे एक काका शेती सुटल्यावर पुण्याला गेले आणि गुलटेकडीच्या मार्केटयार्डात हमालीला लागले. मी रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचो. एकदा त्यांचा खोकला महिनाभर थांबेना. काका म्हणायचे, मिरचीच्या गाळ्यावर काम आहे, ठसका लागतो. काकू गावाकडे, मी कॉलेजात. आम्हाला काही कळले नाही. कळले ते टोळीतल्या माणसांना. काका दुपारच्या आधीच बसायला लागलेत, चार पोत्यांत दम लागतो, सदरा अंगावर लोंबतो, हे त्यांनी पाहिले. दोघांनी एका दिवसाची मजुरी बुडवली आणि काकांना धरून सरकारी दवाखान्यात नेले. क्षय निघाला. सहा महिने गोळ्या. आता थोडे बरे वाटले की गोळ्या सोडायच्या, हा आपल्याकडचा रिवाज. काकांना तो पाळता आला नाही, कारण रोज सकाळी टोळीतला कुणी तरी विचारायचा, "गोळी घेतली का?"

काका बरे झाले. मी त्यांना विचारले, हे तुमच्यात जमते कसे? काका म्हणाले, "अरे बाबा, क्विंटलचे पोते एकट्याला पाठीवर घेता येत नाही. दुसऱ्याचा हात लागतोच. ज्याचा हात लागतो, त्याला माझा दम ऐकू येतो."

मी कॉलेजात चार वर्षे पुस्तके वाचली. पण त्यातले एवढे खरे वाक्य मला आठवत नाही.

हमालांमध्ये हे आपोआप आलेले नाही. पुण्याच्या नाना पेठेत डॉ. बाबा आढावांचा दवाखाना होता. पाठ दुखते, छाती दुखते म्हणून हमाल यायचे. औषधाने दोन दिवस पाठ थांबायची आणि तिसऱ्या दिवशी तेच पोते पुन्हा पाठीवर. दुखण्याचे मूळ पोत्याच्या वजनात आणि मजुरीत होते. हे ओळखून आढावांनी हमालांना एकत्र बसवले. हमाल पंचायत उभी राहिली. माथाडी कामगारांचा कायदा १९६९ साली झाला. शंभर किलोचे पोते पन्नासवर आणण्यासाठी हमाल पुढे वर्षानुवर्षे भांडले. आणि १९७४ साली त्यांनी 'कष्टाची भाकर' नावाचे स्वस्त जेवणाचे केंद्र काढले.

हमालांच्या संघटनेने खाणावळ कशाला काढावी? कारण हमाल हा घरदार गावाकडे टाकून आलेला माणूस. जे मिळेल ते, जिथे मिळेल तिथे उभ्याने खाणारा. त्याला परवडणारी ताजी झुणका-भाकर मिळाली आणि ती करणाऱ्या हातांना रोजगार मिळाला. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जिथे रोज पंगत बसते, तिथे न आलेला माणूस लगेच लक्षात येतो.

हमाली आपल्या पट्टीतून कापली जाते, म्हणून हमालाशी आपले भांडण जुने आहे. ते भांडण राहू द्या. पण त्याच्याकडून शिकण्यासारखे असेल, तर शिकायला लाज कसली?

कचऱ्यातून उभी राहिलेली पंचायत

पुण्यातलेच दुसरे उदाहरण घ्या. कचरा वेचणाऱ्या बाया. यांतल्या किती तरी मराठवाड्यातून दुष्काळाने उठून गेलेल्या, म्हणजे आपल्याच लेकीबाळी. प्रत्येकीचा उकिरडा वेगळा, प्रत्येकीची पहाट वेगळी. काच लागली, कुत्रे चावले, तर सांगायचे कुणाला? १९९३ साली त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' झाली. आधी बाया एकत्र बसल्या. मग महापालिकेच्या मान्यतेचे ओळखपत्र आले. पुढे महापालिकेने त्यांचा आरोग्य विमा भरला. २००८ साली 'स्वच्छ' ही त्यांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था झाली आणि उकिरड्यावरची बाई घरोघरचा कचरा हक्काने गोळा करू लागली.

यातला क्रम लक्षात घ्या. विम्याचा कागद आधी आला आणि बाया मग एकत्र आल्या, असे झाले नाही. आधी एकीची जखम दुसरीला दिसली. बाकीचे मागून आले. आपण मात्र नेमके उलटे करतो. योजना येईल, डॉक्टर येईल, मग बघू, असे म्हणत बसतो.

शिपायांचा प्लेग आणि शेजाऱ्यांचा प्लेग

आता थोडे मागे जाऊ. १८९६ साली प्लेग मुंबईत आला आणि तिथून पुण्यात पोचला. सरकारने १८९७ साली साथरोगाचा कायदा केला. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली. गोरे शिपाई घरात शिरत, माजघर-देवघर न बघता झडती घेत, माणसे उचलून नेत. परिणाम काय झाला? लोकांनी आजारी माणूस लपवायला सुरुवात केली. तापलेला पोरगा माळ्यावर आणि खाली सगळे ठणठणीत. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हा इतिहास तुम्हाला पाठ आहे.

त्याच साली, त्याच पुण्याच्या कडेला, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात दुसरा दवाखाना चालू होता. सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत तो चालवत होते. तिथे कुणाला शिपायाने ओढून आणायचे नव्हते. मुंढव्याच्या दलित वस्तीतला एक पोरगा प्लेगने पडला आहे, हे कळल्यावर सावित्रीबाई स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन आल्या. त्यातच त्यांना प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

प्लेग एकच होता. एका ठिकाणी बंदूक घेऊन गेलेल्यापासून लोकांनी आजार लपवला. दुसऱ्या ठिकाणी विश्वासाच्या बाईकडे आजार आपणहून आला. आजार वेळेत बाहेर यायचा असेल, तर ज्याला सांगायचे तो माणूस आपला वाटावा लागतो.

पुढे ९ मार्च २०२० ला महाराष्ट्रातले करोनाचे पहिले रुग्ण सापडले, तेही पुण्यातच. सरकारने कायदाही तोच १८९७ चा बाहेर काढला. तेव्हा "सामाजिक अंतर पाळा" असे सांगितले जायचे. अंतर अंगाचे पाळायचे होते, आपण मनाचेही पाळले. पुण्याहून पायी आलेल्या आपल्याच पोरांना आपण वेशीवर अडवले. आठवते ना? मी कुणाकडे बोट दाखवत नाही. माझ्या गावातही काट्या टाकल्या होत्या.

वाडा गेला, खळे गेले

कुणी म्हणेल, पूर्वी गावात शेजार होताच की! होता. पण तो का होता, ते तपासा. पूर्वीची माणसे फार चांगली होती आणि आजची बिघडली, असे मला वाटत नाही.

पुण्याच्या वाड्यात नळ एक, चौक एक, जिना एक. पाणी भरायला सगळ्यांना तिथेच यावे लागे. एखादी बाई दोन दिवस नळावर दिसली नाही, तर तिसरी तिच्या दारात जाई. मग १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, नदीकाठचे वाडे पाण्यात बसले, लोक नव्या वसाहतींत पांगले. राहिलेले वाडे पुढे बिल्डरने पाडले. आता घरोघरी नळ आहे आणि दाराला भिंग लावलेले आहे. सोय झाली, हे खरेच. चौकातल्या नळावर भांडणाऱ्या बाईला विचारा, ती वाडा परत मागणार नाही.

आपल्याकडेही तेच झाले. ज्वारीची काढणी सावडीने व्हायची. नांगरटीला इर्जिक असायची. कणसे खुडून खळ्यावर पडली की पाच घरांची माणसे रात्र-रात्र राखणीला. आता ज्वारीचे रान कमी झाले, कपाशी आणि सोयाबीन वाढले. जी काही ज्वारी राहिली, ती मळणीयंत्र तासाभरात मोकळी करते. यंत्र वाईट नाही, त्याने आपल्या बायांच्या कंबरा वाचवल्या. पण खळ्याबरोबर आपला शेजारही गेला, हे आपल्या ध्यानात आले नाही.

मला जे सांगायचे आहे ते एवढेच. पूर्वी काम आपल्याला एकत्र आणायचे. आता एकत्र येणे हेच एक काम झाले आहे. ते केले तर होईल, नाही तर होणार नाही. पुण्यात गणेश मंडळे काही कमी नाहीत, आपल्या गावातही आहेत. पण मंडळ दहा दिवसांचे आणि आजार वर्षाचा.

माझी चूक

आता गाठोड्यातली शेवटची वस्तू काढतो. ती काढायला मला जड जाते.

२०१७ चा हंगाम आठवा. गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. मी शेतोशेत कामगंध सापळे लावत फिरत होतो. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले की ती आर्थिक नुकसानीची पातळी, मग उपाय करायचा, हे मी तुम्हाला शंभरदा सांगितले आहे. माझ्या बरोबर शाळेत असलेला एक मित्र होता. त्याच्या सहा एकरांत मी दर आठवड्याला जायचो. एकदा तो म्हणाला, "रात्री झोप लागत नाही रे." मी म्हणालो, "या वर्षी कुणाला लागते?" आणि वहीत पतंगांचा आकडा लिहून पुढच्या शेतात गेलो.

त्या हिवाळ्यात त्याने स्वतःचा जीव घेतला.

कर्ज होते, पीक गेले होते, आणखीही काही असेल. अशा मरणाला एकच कारण नसते आणि मेलेल्या माणसाला दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण नंतर आम्ही बसून आठवू लागलो. डेअरीवाला म्हणाला, महिनाभर दूध पोरगाच आणत होता. पारावरचे म्हणाले, दिवाळीपासून तो आला नव्हता. भजनातले म्हणाले, टाळ सोडून दिला होता. गिरणीवाला म्हणाला, दळणाला आला तेव्हा माझ्याशी बोलला नाही. मी म्हणालो, झोप लागत नाही असे मला म्हणाला होता.

प्रत्येकाच्या सापळ्यात एकेक पतंग होता. सगळे मिळून मोजायला कुणी नव्हते. बोंडअळीची नुकसानीची पातळी मला पाठ होती, माणसाची कधी कुणी शिकवली नाही आणि मीही विचारली नाही.

शास्त्र काय म्हणते

मी शेतीचा माणूस, भावनेवर सोडून देत नाही. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १४८ अभ्यास एकत्र केले, त्यांत ३ लाखांवर माणसे होती. ज्यांचा माणसांशी घट्ट संबंध आहे, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये सांगितले की जगात दर सहा माणसांत एक एकटेपणाने त्रासलेला आहे आणि त्यापायी वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात. १९९५ च्या जुलैत शिकागो शहरात उष्णतेच्या लाटेने सातशेच्या वर माणसे गेली. शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्या, ऊन तेच. जिथे रस्ते ओस आणि दुकाने बंद, तिथे मृत्यू कितीतरी जास्त. जिथे दुकाने, वर्दळ, येणेजाणे, तिथे कमी.

आणि शिकागो लांबचे वाटत असेल तर अमरावती जिल्हा घ्या. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले, त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या दुखण्यावर बोलायला सुरुवात केली. आधी मन खचलेल्या शंभरातली चार माणसे उपचारापर्यंत पोचत होती, नंतर सत्तावीस पोचू लागली. हे कपाशीच्याच मुलखात घडले.

भाव मिळाला की सगळे नीट होईल?

मला ठाऊक आहे, तुमच्यातला एक जण उठून म्हणणार: साहेब, शेतीमालाला भाव द्या, कुणाला समजावायला जावे लागणार नाही. तुमचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. शेजार हा भावाला पर्याय नाही. कुणी सरकारी माणूस उद्या तुम्हाला "एकमेकांना धीर द्या" एवढेच सांगून परत जायला लागला, तर त्याला थांबवा आणि भाव विचारा. हमालांनीही भाकर काढली म्हणून मजुरीचा लढा सोडला नव्हता.

पण भाव मिळेपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे. आणि लढायलाही तोच लागतो.

दुसरी अडचण जास्त खरी आहे. शेजार म्हणजे फक्त माया नव्हे. शेजार म्हणजे चहाडी, भाऊबंदकी आणि जातही. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, तरी पाणवठे वेगळेच होते. 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ त्याच बाबा आढावांना त्याच काळात चालवावी लागली. आपल्या आळीपुरता, आपल्या भावकीपुरता शेजार केला, तर तो फक्त कंपू झाला. सावित्रीबाई मुंढव्याच्या ज्या वस्तीत गेल्या, तिथपर्यंत आपला शेजार पोचला पाहिजे.

करायचे काय?

नवी कमिटी नको, अध्यक्ष नको, फलक नको. चार गोष्टी सांगतो.

एक: दहा घरांची टोळी. हमालांसारखी. त्यात एक घर वेशीबाहेरचे, एक घर एकट्या बाईचे असलेच पाहिजे. मायबहिणींच्या बचत गटाची बैठक होतेच. तिथे हप्ता गोळा झाला की एकच प्रश्न विचारा: या आठवड्यात कोण दिसले नाही?

दोन: तीन दिवसांची पातळी. पारावर, डेअरीवर, गिरणीवर नेहमी येणारा माणूस सलग तीन दिवस दिसला नाही, तर त्याच्या घरी जायचे. चौकशी म्हणून नाही, चहाला. उपदेश करायचा नाही, ऐकायचे. ऐकलेले चावडीवर न्यायचे नाही. जो नेईल त्याला टोळीतून काढा. माणूस जगण्याला कंटाळल्यासारखे बोलला, तर त्याला एकटे ठेवू नका, आशाताईंना आणि सरकारी दवाखान्यात कळवा. १४४१६ हा सरकारचा 'टेलिमानस' क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो. तो लिहून घ्या. लिहिला का?

तीन: एकट्याने फवारायचे नाही. २०१७ सालीच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. विष चढते तेव्हा घाम, मळमळ, अंधारी हे उन्हाचे समजून माणूस पंप चालवतच राहतो. ते सोबतच्याला दिसते. दोन शेतकऱ्यांनी वार ठरवा. आज तुझे रान, उद्या माझे. ही आजची सावड.

चार: महिन्यातून एकदा दहा घरांची भाकर एकत्र. ज्वारी आपलीच आहे, आचारी लागत नाही. हुरड्याच्या दिवसांत तर निमित्तही लागत नाही.

याला पैसे किती लागतात? मी हिशेब केला. काही लागत नाही. म्हणूनच याची योजना निघणार नाही आणि म्हणूनच हे आपल्याला करावे लागेल.

आता बैठक संपल्यावर लगेच गाडीकडे पळू नका. हातात जो कागद दिला आहे, त्याची मागची बाजू कोरी आहे. तिथे दहा घरांची नावे लिहा. त्यांत एक नाव असे लिहा, ज्याच्याशी बांधावरून तुमचे बोलणे बंद आहे. त्याला आज संध्याकाळीच हाक मारा. बांधाचा निकाल तहसीलदार देईल तेव्हा देईल. तोपर्यंत तो माणूस दिसतो की नाही, एवढे तरी बघत जा.

माझ्या मित्राच्या वेळी मी बघितले नाही. तुम्ही बघा. एवढे बोलून थांबतो.